भिंतीतलं पोळं

नबविया हजला गेली त्याला महिना उलटून गेला होता. तिच्या धाकट्या सुनेनं, वदीदानं, ती माशी भिंतीतून बाहेर येताना पहिल्यांदा पाहिली तेव्हा कालव्याच्या पाण्यानं भरलेला हंडा तिच्या डोक्यावर होता. दाराच्या डाव्या अंगाला, पुरुषभर उंचीवर, दोन कच्च्या विटांमधली माती निसटली होती. त्या फटीतून एक तांबूस गांधीलमाशी बाहेर आली. पोटावर पिवळा पट्टा, तोंडात मातीचा खडा. खडा तिनं खाली सोडला आणि ती खजुराच्या बागेकडे गेली. मागून दुसरी आली. तिच्याही तोंडात खडा होता.

हंडा उतरवायचा सोडून वदीदा तशीच उभी राहिली. तिचा बाप बखीत नदीपलीकडे मधमाश्या पाळायचा, मातीच्या नळ्या एकावर एक रचून. गांधीलमाशी म्हणजे त्या घराची जन्माची वैरीण. कुराणातली पहिली प्रार्थना, फातिहा, एकदा म्हणून होईपर्यंत भोकातून किती जातात-येतात ते बघायचं, असं त्यानं पोरींना शिकवलं होतं. पाच-सहा असल्या तर पोळं मुठीएवढं, वीस असल्या तर परातीएवढं. वदीदानं ओठ न हलवता फातिहा म्हटली. सव्वीस झाल्या. आणि खडे बाहेर पडतायत म्हणजे आत जागा वाढवणं चाललंय. त्या भिंतीच्या आतल्या अंगाला तिची खोली होती. तिची आणि रतीबाची.

रतीबा चार वर्षांची. मागल्या साली गच्चीवर खजूर वाळत घातले होते तेव्हा तिच्या मनगटाला गांधीलमाशी चावली. वदीदा ओला चिखल आणायला जिन्यावरून खाली उतरून परत वर येईतो पोरीचे डोळे मिटले होते, ओठ सुजून उलटले होते आणि घशातून शीळ वाजल्यासारखा आवाज येत होता. शेजाऱ्याच्या गाढवगाडीतून दवाखान्यात नेली. कैरोहून आलेल्या पोरसवदा डॉक्टरनं सुई टोचली, घाम पुसला आणि सांगितलं की दुसऱ्या खेपेला याहून जास्त सुजेल. इतका उशीर करणार असलीस तर आणूच नकोस. ते बोलणं वदीदानं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. थोरली जाऊ सनिया म्हणाली होती की माझ्या सहाही पोरांना विंचू चावले, सगळी रात्री जेवून झोपली.

नवरा रिफाई दोन वर्षं बगदादला इमारतींच्या कामावर. त्यामुळे सांगायचं ते थोरल्या दिराला. कुतुब त्याचं नाव, पण घरात-गावात सगळे त्याला थोरल्या मुलावरून अबू हम्माम म्हणत. तो बाहेरच्या ओट्यावर चहा पीत होता आणि त्याच्यासोबत रंगारी अय्याद बसला होता. हा अय्याद शाळेत चित्रकला शिकवायचा. रविवारी न चुकता चर्चला जायचा, पण गावातल्या झाडून सगळ्या हाजींच्या भिंती त्याच्याच हातच्या. काबा त्याच्याइतका सरळ दुसऱ्या कुणाला जमत नसे. हाजी परत यायच्या आत दर्शनी भिंत रंगलीच पाहिजे: मधोमध काबा, एका बाजूला जहाज, दुसऱ्या बाजूला सिंह नाहीतर खजूर, आणि वर नाव. नबवियाचं जहाज सहा दिवसांत लागणार होतं. त्याच जहाजानं गावातले आणखी तिघं येत होते, म्हणून अय्यादला इथं दोनच दिवस मोकळे होते.

वदीदानं ओढणीचं टोक दातात धरून गांधीलमाश्यांचं सांगितलं. "दिवस मावळला की सगळ्या आत येतात, तेव्हा करायचं असतं. बाजूला उभं राहून विषारी पूड फुंकायची आणि भोक तसंच उघडं ठेवायचं, तीन दिवस. बुजवायचं नाही, अबू हम्माम. बाहेरून बुजवलं की त्या आतून वाट काढतात. आत माझी पोर झोपते."

"तुझ्या बापानं माश्या पाळल्या," कुतुब म्हणाला, "म्हणून आम्हीही त्यांची मर्जी सांभाळायची?"

अय्याद हसला. मग भिंतीकडे बघून, आपला यात काही संबंध नाही अशा आवाजात त्यानं सांगितलं की काबा बरोबर तिथंच येतो; जागा सपाट लागेल आणि उद्या सकाळी कोरडी लागेल.

तेवढ्यावर ते ठरलं. भर दुपारी, ऊन असं की ओट्यावर पाय ठेववत नव्हता, कुतुब शिडीवर चढला. एका हातात चिंध्यांचा बोळा, दुसऱ्या हातात चुन्याच्या गिलाव्याचं घमेलं. उन्हाच्या त्या वेळी गांधीलमाश्यांच्या अंगात येतं हे नदीपलीकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बोळा भोकात गेला, वर गिलाव्याची थाप बसली, पण तोवर बाहेर गेलेल्यांतल्या दोघी परत आल्या होत्या. एक त्याच्या कानावर बसली, एक पापणीवर. शिडीवरून तो उतरला की पडला ते नीटसं कळलं नाही.

वदीदा डंखावर चोळायला चिरलेला कांदा घेऊन धावली. कुतुबनं तो हातातून उडवला आणि गिलाव्यानं भरलेल्या पंजानं तिच्या थोबाडीत मारली. अय्यादच्या देखत. म्हणाला, तूच नजर लावलीस.

काळ्या ओढणीवर पाच बोटं पांढरी उमटली. ती झटकायला गेली तर सनिया म्हणाली, "राहू दे गं, शोभतंय." त्यानंतर वदीदानं पाण्याच्या तीन खेपा केल्या. तिन्ही खेपांना कालव्यावरच्या बायका आधी ओढणीकडे बघायच्या आणि मग तिच्या तोंडाकडे.

दुसऱ्या दिवशी अय्यादनं काबा काढला. काळा, चौकोनी, वर सोनेरी पट्टा. बुजवलेलं भोक त्या काळ्या रंगात कुठं गेलं ते शोधूनही सापडेना. मान्य करायला हवं, भिंत सुरेख झाली होती. रतीबाला जहाज इतकं आवडलं की ती त्याच्या खिडक्यांना एकेक करून बोट लावत बसली. वदीदानं तिला उचलून आत नेलं.

आत भिंत वाजत होती.

कान लावल्याशिवाय ऐकू येत नसे. बाजरीच्या कणसावर उंदरानं दात चालवावा तसा आवाज, पण न थांबणारा. तिनं तळवा ठेवला. सगळी भिंत गार आणि बिछान्याच्या वर हातभर जागा मात्र उबदार, ताप आलेल्या पोराच्या पोटासारखी. तिसऱ्या दिवशी सकाळी गोधडीवर मातीची बारीक भुकटी पडलेली होती. तिनं ती बोटानं उचलली, सनियाला नेऊन दाखवली आणि म्हणाली, रतीबाला चार दिवस तुझ्या खोलीत घे, मी पायाशी झोपेन, नाहीतर मी नको, तिला एकटीला घे. सनियानं भुकटी फुंकून टाकली. तिच्या खोलीत पाहुण्यांच्या गाद्या रचल्या होत्या. आणि भट्टीचं काम टाळायला असं निमित्त काढलंस होय, असं तिनं विचारलं. अम्मा येतेय, दोनशे भाकरी भाजायच्यात, आणि हिच्या भिंतीत भुतं शिरलीत.

वदीदानं बिछाना गच्चीवर नेला. दिवसा तिथं खजूर वाळत, त्यावर माश्या घोंघावत, पण रात्री गच्ची मोकळी असे. कुतुबनं खालूनच हाक मारली. नवरा परदेशात असलेली बाई उघड्यावर झोपली तर शेजारच्या गच्चीवरच्यांनी काय समजायचं? बिछाना खाली आला.

ती रात्र वदीदा बसून राहिली. कंदील भिंतीपासून लांब ठेवला, पोरीला दाराशी निजवलं आणि तिच्या अंगावर पिठाची चाळण उपडी धरून, हात अवघडला की हात बदलत, पहाट गाठली. रतीबा झोपेत हसायची. तिच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते, आणि दर श्वासाला नाकपुडी जराशी फुगत होती. वदीदा ती नाकपुडी बघत होती.

सकाळी तिनं नावाड्याकरवी बापाला निरोप धाडला. बखीत स्वतः येणार नव्हता. बोलावल्याशिवाय लेकीच्या सासरच्या भिंतीला हात लावणं म्हणजे कुतुबच्या तोंडावर थुंकण्यासारखं झालं असतं. संध्याकाळी नाव परत आली तेव्हा नावाड्यानं तिच्या हातात फडक्यात बांधलेली पुडी ठेवली. कापसावर मारायची सोसायटीची पांढरी पूड. सोबत निरोप, तो त्यानं पाठ केल्यासारखा म्हणून दाखवला: बाहेरचं तोंड मोकळं कर, नाहीतर आत येतील. मावळतीला कर. बोरूच्या नळीतून फुंक, ओढू नको, तोंडाला फडकं बांध. भोकासमोर उभी राहू नको. हातवारे नको, पळू नको. हात राखेनं धू, मगच पोरीला घे. पीठ-पाण्याजवळ पुडी नेऊ नको. तीन दिवस भोक उघडं. बाहेरून परतणाऱ्या त्यातूनच आत जाऊन मरतील.

"आणि म्हणाला," नावाडी दोरी गुंडाळत बोलला, "की माझी पोर हुशार आहे."

वदीदानं पुडी झग्याच्या आत लपवली.

पाचव्या दिवशी भट्टी पेटली. पहाटे मळलेल्या कणकेचे गोळे मातीच्या थाळ्यांवर मांडून अंगणात उन्हात फुगायला ठेवले होते. चार बायका, गोवऱ्यांचा धूर, डोळ्यांतून पाणी. वदीदा भट्टीच्या तोंडाशी. रतीबा तिच्या पाठीवर शालीत बांधलेली. चार वर्षांची पोर, पाय गुडघ्यापर्यंत लोंबणारे. बायका हसत होत्या. एकजण म्हणाली, तिला अजून अंगावर पाजतेस का? वाकलं की पाठीचा कणा कडकड वाजे. एका हातानं ती लोखंडी सळईनं भाकऱ्या पुढे-मागे करी, दुसऱ्या हातानं मागे पोरीचा पाय चाचपी.

दुपारी कुतुब आणि बाकीचे पुरुष लॉरी घेऊन शहराच्या स्टँडवर गेले. बंदरावरून हाजींची बस उद्या सकाळी तिथं येणार होती. सनिया पोरांना आणि बाकीच्या बायकांना घेऊन मेंदी लावायला शेजारी गेली. वदीदा मिठाचं मडकं आणायला खोलीत शिरली आणि उंबऱ्यावरच थांबली.

भिंतीवर एक गांधीलमाशी चालत होती. उडत नव्हती, उजेड नवा असल्यासारखी थांबत, मिशा पुसत चालत होती. तिच्यामागे हरभऱ्याएवढं भोक होतं आणि त्या भोकात दुसरं एक डोकं होतं.

वदीदा मागे सरकली. पाठीवर रतीबा म्हणाली, "आई, माशी." आई म्हणाली, हो, हळू बोल. अंगणात येऊन तिनं कणकेचा एक गोळा उचलला, पोरीला अंगणातच उभं केलं, शाल डोक्यावर घेतली आणि परत आत गेली. पहिली माशी तिनं चपलेनं मारली. गोळा भोकावर थापला, त्यावर पितळी थाळी दाबली, थाळीला टेकवून कपड्यांची पेटी उभी केली. चपलेखालची माशी मरता मरता तिच्या बोटाला डसली. बोट जळत होतं. कणिक किती वेळ टिकेल याचा तिला अंदाज होता. सकाळपर्यंत टिकणार नव्हती. आणि सकाळी घर माणसांनी भरणार होतं, पोरांनी भरणार होतं, ढोल वाजणार होते.

अंगणाच्या कोपऱ्यात धान्याची मातीची कोठी होती, माणसाच्या छातीएवढी उंच. या साली ती रिकामीच होती. वदीदानं आतून ती पुसली, तळाला गोधडी घातली आणि रतीबाला आत उतरवलं.

"इथं बसायचं. मी झाकण उचलेपर्यंत बाहेर यायचं नाही."

"अंधार आहे."

"अंधारच हवा. जहाजाच्या तळाशी असाच असतो. तुझी आजी अशीच आली."

"मग मी कुठं चालले?"

वदीदानं पोरीच्या हातात गरम भाकरी दिली, कोठीच्या तोंडावर ओलं फडकं ताणून बांधलं, आणि आतून भाकरी चावण्याचा आवाज येऊ लागल्यावर उठली.

तिनं रिफाईची विजार चढवली, घोट्यांशी दोरीनं बांधली. अंगात दोन झगे. हातांना चिंध्या. तोंडाला फडकं आणि त्यावर डोक्याच्या शालीत घट्ट आवळलेली पिठाची चाळण. सूर्य डोंगरामागे गेला होता. बाहेरच्या शेवटच्या माश्या त्या काळ्या चौकोनाभोवती वाट शोधत फिरत होत्या. थोड्या वेळानं त्याही भिंतीला चिकटून बसल्या. वदीदानं शिडी काब्याच्या शेजारी, जहाजाच्या अंगावर टेकवली. भट्टीची सळई घेऊन चढली. आवाज न करता ती एकदाच म्हणाली, माफ कर. मग बाजूनं सळई घातली.

गिलावा पहिल्या दोन घावांना उडाला नाही. तिसऱ्याला तळहाताएवढा तुकडा, सोनेरी पट्ट्यासकट, खाली पडला. सळईच्या टोकानं तिनं बोळा ओढून काढला. आतून जो आवाज आला तो तिनं आधी फक्त बापाच्या मळ्यात ऐकला होता. चाळणीवर टपटप आदळू लागल्या, डोळ्यांपासून बोटभर. ती हलली नाही. बोरूची नळी भोकाला लावून तिनं फुंकली. एकदा, दोनदा, पाचदा, पुडी संपेपर्यंत. मनगटावर दोन ठिकाणी, मानेवर एका ठिकाणी निखारा ठेवल्यासारखं झालं. ती पायऱ्या मोजल्यासारखी सावकाश उतरली आणि सावकाश घराच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेली. तिथं शेजारीण पाण्याचं मडकं घेऊन उभी होती. नवऱ्याची विजार घातलेली, तोंडाला चाळण बांधलेली बाई आणि मागे भोक पाडलेला काबा, एवढं तिनं बघितलं. मडकं तिथंच ठेवून ती निघून गेली.

कपडे काढून, हात तीन वेळा राखेनं घासून वदीदानं कोठीचं फडकं सोडलं. रतीबा भाकरी उशाला घेऊन झोपली होती. त्या रात्री भिंतीत आवाज नव्हता.

सकाळी लॉरी आली. ढोल होते, आरोळ्या होत्या, बायकांचा जीभ फिरवून काढलेला आनंदाचा हेल होता. भोकाची बातमी स्टँडवरच पोचली होती. कुतुबनं पुढे येऊन त्या जागेवर एक गालिचा ठोकून घेतला होता. पांढऱ्या कपड्यातली नबविया लॉरीतून उतरली, आधीपेक्षा बारीक, हातात मक्केच्या जमजम विहिरीच्या पाण्याचा डबा. तिनं जहाज बघितलं, नाव बघितलं आणि गालिचा बाजूला करायला सांगितला.

काळ्या चौकोनात, सोनेरी पट्ट्याखाली, पंजाएवढं भोक. कडेला पांढरी पूड. ओट्यावर मेलेल्या गांधीलमाश्यांचा सडा. अजून एकदोन बाहेरून येत होत्या, आत शिरत होत्या. ढोल थांबले. नबविया आवाज चढवणारी बाई नव्हती. जमजमचं पाणी थेंबाथेंबानं द्यावं तसं तिनं एकेक वाक्य दिलं.

"तिथं मी गर्दीत चेंगरले. तरी हात लागला अल्लाच्या घराला. हा हात. आणि तू माझ्या दारात त्याला भोक पाडलंस?"

वदीदा गुडघ्यांवर बसली. भराभर सांगू लागली: आत वाट काढली होती, अम्मा, पितळी थाळी लावली आहे, येऊन बघ, पोरीला डॉक्टरनं—

"कुणाला चावली?"

"कुणालाच नाही."

"मग?"

मानेवरची, मनगटावरची सूज वदीदानं ओढणीखाली झाकून घेतली. ती दाखवली असती तरी ती तिचीच होती, पोरीची नव्हती. गर्दीत अय्याद उभा होता. कुतुबनं त्याला गिलावा कालवायला सांगितला, आत्ताच्या आत्ता, पाहुणे जेवायला बसायच्या आधी.

तेव्हा वदीदानं सासूचे पाय धरले. दोनशे माणसांसमोर, प्रवासाची धूळ बसलेल्या त्या पायांना कपाळ लावलं आणि म्हणाली की तीन दिवस भोक तसंच राहू दे. आज बुजवलं तर राहिलेल्या पुन्हा आत शिरतील. मला काय हवं ते कर, मला माहेरी धाड. तीन दिवस.

गालिचा पुन्हा ठोका, नबविया म्हणाली, आणि बाकीचं संध्याकाळी.

शुक्रवारी गावचा एक माणूस बगदादला परत चालला होता. अशा माणसाबरोबर गावातली सगळी घरं कॅसेट भरून पाठवत. कागदापेक्षा आवाज बरा. संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर कुतुबनं आईच्या खोलीत रेकॉर्डर मांडला. नबवियानं आधी हजची हकीकत सांगितली, लेकाला आशीर्वाद दिले, मग बटण बंद करायला लावून वदीदाला जवळ बोलावलं. तीन दिवस भोक उघडं राहील, ती म्हणाली. पण रिफाईनं हे दुसऱ्याकडून ऐकायला नको, बायकोच्याच तोंडून ऐकू दे. म्हणायचं की अम्मा हजला गेली ते मला बघवलं नाही. शुद्धीवर होते आणि मुद्दाम केलं. पुढे काय करायचं ते तो ठरवेल.

"आणि माश्यांचं नाव नको," कुतुब वदीदाला म्हणाला. "रिफाई तुझ्यासारखाच मऊ आहे."

रतीबा आईच्या मांडीवर होती, दिवसभराच्या गलक्यानं पेंगुळलेली, पाय हलवत. कुतुबनं बटण दाबलं. वदीदानं त्या फिरणाऱ्या चकत्यांकडे बघत, सांगितलं होतं तसंच, शब्द न गाळता सांगितलं. ती 'मुद्दाम केलं'पर्यंत आली तेव्हा रतीबानं डोकं वर केलं. बाबाला बोलायचं असलं की या डब्याशी बोलायचं, हे तिला माहीत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "माझ्या भिंतीत माशी होती, एवढी मोठी. आईनं मला कोठीत ठेवलं."

कुतुबनं कॅसेट मागे नेली.

"मध्ये पोर बोलली," तो म्हणाला. "पुन्हा."

वदीदानं डाव्या हातानं पोरीचं डोकं छातीशी घेतलं. उजवा पंजा तिच्या तोंडावर ठेवला. नाक तेवढं मोकळं राहील असा, हळूच. तळव्याला तिचा गरम श्वास लागत होता, सुरळीत, न अडखळता. बटण खाली गेलं. वदीदा पुन्हा बोलली, या खेपेला आधीपेक्षा स्पष्ट.